गॅरेजमधलं पहिलं वर्ष : मोटार मेकॅनिक होऊ पाहणाऱ्यांसाठी

गॅरेजमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला इंजिन खोलायची घाई असते. मलाही होती. इतकी वर्षं हे काम केल्यावर सांगतो, खोलणं लवकर जमतं. काय खोलायची गरज नाही हे कळायला मात्र वेळ लागतो. बिघाड नेमका कुठे आहे हे सापडलं की पुष्कळदा काम अर्ध्या तासाचं निघतं. सापडलं नाही तर माणूस भागामागून भाग बदलत बसतो आणि बिल गाडीमालकाच्या माथी येतं. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: आधी स्वतःचा जीव, मग हाताला वळण, मग रोजची कामं आणि शेवटी निदान.

पायरी १ : गाडीखाली जाण्याआधी

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी सोडेल हे तो आधी सांगत नाही. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या, हँडब्रेक लावा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचला आणि लगेच खाली स्टँड द्या. मग गाडीला हाताने जोरात हलवून बघा. हलायची असेल तर ती तुम्ही बाहेर असतानाच हलू दे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणूनसुद्धा जायचं नाही, हात घालायचा तरी नाही.

अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, हातातलं घड्याळ कामाला लागण्याआधी काढून ठेवा. बॅटरीचा प्लस आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी आली तर ती क्षणात लालबुंद होते आणि बोटाचं मांस जाळते. सैल बाही आणि मोकळे केस चालू इंजिनच्या पट्ट्यात अडकतात. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोप आल्यासारखा कोसळतो. गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सैल होताच दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. ब्रेकची धूळ हवेच्या नळीने उडवू नका, ब्रेक क्लीनर मारून ओली करूनच पुसा.

आणखी दोन रंग लक्षात ठेवा. पिवळे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात. तिथे हात लावण्याआधी बॅटरी काढून पुस्तकात दिलेला वेळ थांबावं लागतं. नारिंगी केबल हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत असतात आणि त्यांत शेकडो व्होल्ट असतात. त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नका. इथे चूक सुधारायची दुसरी संधी मिळत नाही.

पायरी २ : हाताला आटे ओळखायला शिकवा

सुरुवातीला हत्यारं थोडीच लागतात. ८ ते १९ मिलिमीटरपर्यंतचे रिंग पाने आणि फिक्स पाने, तेवढ्याच मापांच्या गोट्या (सॉकेट), रॅचेट, दोन लांबीचे एक्स्टेन्शन, चांगले स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, एलन की, टॉर्क्स बिट्स, एक मल्टिमीटर (व्होल्टेज वगैरे मोजणारा) आणि एक टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला 'कट' असा आवाज करणारा पाना). स्वस्तातल्या मोठ्या पेटीपेक्षा चांगल्या धातूचे मोजके पाने घ्या. हलका पाना बोल्टचं डोकं गोल करतो आणि मग दहा मिनिटांचं काम दिवसभर चालतं. फिक्स पाना बोल्टच्या दोनच बाजू धरतो, रिंग पाना सगळे कोपरे धरतो. म्हणून घट्ट बोल्ट सैल करायला आधी रिंग किंवा सहा कोनी गोटी घ्या, सैल झाल्यावर फिक्स चालेल.

आता या पायरीतली खरी गोष्ट. माझ्या उस्तादांनी पहिले कित्येक दिवस मला एकच काम दिलं होतं, भंगारातल्या इंजिनचे बोल्ट काढायचे आणि परत लावायचे. 'पाना खाली ठेव, आधी बोटांनी लाव,' एवढंच ते सांगायचे. तेव्हा मला त्याचा राग यायचा. पण करून बघा: बोल्ट भोकावर सरळ धरा आणि आधी उलटा फिरवा. अर्ध्या-पाऊण फेऱ्यात बोटाला बारीकसा 'टक्' जाणवतो, बोल्ट केसभर खाली बसतो. त्या क्षणी बोल्टचा आटा भोकातल्या आट्याच्या तोंडाशी आलेला असतो. आता सुलटा फिरवा, निदान तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी जायला हवेत. दुसऱ्याच फेऱ्याला अडला तर बोल्ट तिरका लागलाय. जोर न लावता बाहेर काढा, आटे ब्रशने साफ करा आणि पुन्हा सुरू करा. अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिन हेडमध्ये स्पार्क प्लग तिरका घुसवला तर मऊ आटे सोलून निघतात आणि एका प्लगपायी हेड उतरवायची वेळ येते. प्लग लावताना त्याच्या शेपटाला रबरी नळीचा तुकडा लावून नळीनेच फिरवा. प्लग तिरका असेल तर नळी घसरते, आटा वाचतो.

गंजलेल्या बोल्टशी मारामारी करू नका. गंज सोडवणारं तेल मारून थांबा, डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या, आधी किंचित आवळून मग सोडवा. थोडं सोडवायचं, थोडं परत आवळायचं, असं करत बाहेर आणायचं. 'कर्र' असा कोरडा आवाज येऊन बोल्ट पिळल्यासारखा मऊ लागायला लागला तर तिथेच थांबा. तो तुटायच्या बेतात असतो.

आवळणं अंदाजावर सोडू नका. बऱ्याच लहान गाड्यांच्या चाकांचे नट १०० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात, पण त्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकातून घ्या. नट समोरासमोरच्या जोडीने आवळायचे, ओळीने नाही, नाहीतर चाक हबवर तिरकं बसतं. इम्पॅक्ट गनने (झटक्यांनी नट फिरवणाऱ्या यंत्राने) नट नुसते बसवा, शेवट टॉर्क रेंचनेच करा. टॉर्क रेंच 'कट' म्हणाला की थांबा. खात्रीसाठी आणखी एक झटका देण्याची खोड लवकर लागते, ती लावून घेऊ नका. या रेंचने बोल्ट सोडवू नका आणि काम झालं की त्याची स्प्रिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. काही बोल्ट, विशेषतः सिलिंडर हेडचे, आवळताना मुद्दाम ताणले जातात. पुस्तकात टॉर्कनंतर अंशांत कोन दिलेला असेल तर ते बोल्ट परत वापरायचे की नाही हे तिथेच वाचा. बहुतेकदा नवेच घ्यावे लागतात.

पायरी ३ : ऑइल सर्व्हिस

तेल बदलण्याला कमी लेखू नका. इंजिनाची ओळख इथेच होते. इंजिन कोमट असावं, फार गरम नाही. नट काढण्याआधी तेल भरायचं झाकण उघडा, म्हणजे तेल सलग निघतं. ड्रेन नट काढताना जुना वॉशर फेकून नवा लावा. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग फिल्टरबरोबर आली की इंजिनलाच चिकटून राहिली हे बोट फिरवून बघा. ती राहिली आणि त्यावर नवा फिल्टर चढला तर दोन रिंगा एकमेकींवर घसरतात आणि गाडी रस्त्यावर असताना तेल मिनिटभरात बाहेर पडतं. नव्या फिल्टरच्या रिंगला तेलाचं बोट लावा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि त्यापुढे साधारण पाऊण फेरा हातानेच आवळा.

तेलाचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात असतो तोच घाला. '५डब्ल्यू-३०' मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, पहिला आकडा थंडीत तेल किती वाहतं ते सांगतो, दुसरा गरम झाल्यावर किती दाट राहतं ते. भरून झाल्यावर इंजिन थोडं चालवा, खाली वाकून गळती बघा, बंद करून काही मिनिटं थांबा आणि मगच डिपस्टिक वाचा. खुणेच्या वर तेल गेलं तर क्रँकशाफ्ट (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) ते घुसळून फेस करतो, आणि फेसाला बेअरिंग सांभाळता येत नाही. जास्त झालं असेल तर काढा, 'चालून जाईल' म्हणू नका.

निघालेलं तेल पांढऱ्या फडक्यावर घ्या. दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळतंय. चमचम दिसली तर धातू झिजतोय. पेट्रोलचा उग्र वास असेल तर इंधन खाली उतरतंय. गाडीवाल्याने न विचारताही हे त्याला सांगायचं असतं.

पायरी ४ : ब्रेक

ब्रेकचं काम एकट्याने करायची घाई कोणी करू नये, आणि नव्या माणसाने केलेला प्रत्येक ब्रेक जाणत्याने तपासल्याशिवाय गाडी बाहेर जाऊ नये.

नवं पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतं. ३ मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलायचं, एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचं एकदमच. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मायक्रोमीटरने मोजा. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढल्यावर त्याला त्याच्या रबरी नळीवर लोंबू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या सरकपिना हाताने मागे-पुढे होतात का बघा. एक पॅड झिजून संपलेलं आणि जोडीचं जाड असेल तर दोष बहुधा या पिनांचा असतो. त्या साफ करून सांगितलेलंच ग्रीस न लावता नवं पॅड बसवलं तर तेही तसंच झिजणार. कॅलिपरचा पिस्टन आत दाबताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं. ते सांडून गाडीच्या अंगावर आलं की रंग उतरतो, लगेच पाण्याने धुवा. मागच्या चाकांना इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणाऱ्या यंत्राने) आधी सर्व्हिस मोडला टाका. तो पिस्टन जोराने दाबला तर आतली मोटर तुटते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे. ओलावा शोषलेल्यासाठी तोच १५५ वर येतो. लांब उतारावर ब्रेक तापले की असं जुनं ऑइल उकळतं, नळीत वाफ धरते आणि पेडल मऊ पडतं. म्हणून बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात, ते वायफळ नाही. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते बाकीच्यांत मिसळायचं नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक. पॅड बदलले, चाकं लावली, नट नीट आवळले आणि गाडी मागे घ्यायला चालू केली. पेडल थेट फरशीला टेकलं. पिस्टन आत दाबलेले होते आणि मी पेडल मारून त्यांना पॅडला टेकवलंच नव्हतं. गाडी भिंतीला घासून थांबली. त्या जागी कोणी उभं असतं तर, हा विचार आजही येतो. तेव्हापासून ब्रेकच्या कामानंतर चावी लावण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत मारायचं, मग टाकीतली पातळी बघायची आणि पहिली चाल पावलाच्या वेगाने, हे माझं कधीही चुकलेलं नाही. तुम्हीही त्याची सवय करा, डोळे मिटून व्हायला हवं.

पायरी ५ : वीज समजून घ्या

पुष्कळ चांगले हात इथे येऊन अडतात, कारण वीज दिसत नाही. पण मल्टिमीटर दाखवतो. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी उतरलेली. स्टार्टर फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरलं तर बॅटरी थकलेली असू शकते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसलं की अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) काम करतोय. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हा आकडा वर-खाली करत असतो, म्हणून एका नजरेत निकाल देऊ नका.

बॅटरी काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. कारण बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लसचा नट सोडवताना पाना बॉडीला लागला तर मायनस निघालेला असेपर्यंत काहीच होत नाही, नाहीतर ठिणग्यांचा फवारा उडतो.

आणि एक तपासणी, जी आली तर तुम्ही निम्म्या सहकाऱ्यांच्या पुढे जाल. गाडी आळसून स्टार्ट होते, बॅटरी नवी आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर ठेवा, केबलच्या क्लँपवर नव्हे, आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर मायनसच्या वाटेत गंज, सैल नट किंवा कुजलेली केबल आहे. तेवढा व्होल्ट वाटेतच खर्च होतोय. जोड घासून साफ करा, पुन्हा मोजा. असे स्टार्टर 'खराब' म्हणून बदलले गेलेले मी अनेकदा पाहिलेत, आणि नव्या स्टार्टरनंतरही गाडी तशीच रडत राहिलेली पाहिली.

पायरी ६ : निदान

पहिलं हत्यार म्हणजे प्रश्न. थंड असताना होतं की गरम झाल्यावर? सरळ रस्त्यावर की वळताना? कधीपासून, आणि त्याआधी गाडीत काही काम झालं होतं का? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात बिघाड अनेकदा उघडा पडतो. नंतर स्वतः गाडी चालवा, शक्यतो मालकाला शेजारी बसवून. 'हाच आवाज ना?' हे नक्की झाल्याशिवाय काही खोलू नका.

कान तयार करा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना 'कट-कट-कट' आवाज आला तर सीव्ही जॉइंट (वळत्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) बघा. वेगाबरोबर वाढणारी घुमणारी गुणगुण चाकाच्या बेअरिंगची असते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, त्या वेळी गुणगुण वाढली तर आधी उजवं बेअरिंग तपासा. धूरही बोलतो: निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त, दाट पांढरा आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट आत शिरतंय. थंड इंजिनातून निघणारी विरळ पांढरी वाफ मात्र साधी असते, तिच्यामागे लागू नका.

मग स्कॅनर. नव्या माणसाची सर्वात महागडी चूक इथे होते, कारण स्कॅनर एक कोड दाखवतो आणि तो वाचून भाग मागवला जातो. कोड भागाचं नाव सांगत नसतो, कॉम्प्युटरला काय पटलं नाही तेवढंच सांगतो. 'पी०१७१' म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. मी एकदा हा कोड बघून ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठवड्याने गाडी परत आली, तोच दिवा, तोच कोड. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. एअरफ्लो मीटर (आत जाणारी हवा मोजणारा) आणि इंजिन यांच्यामधली रबरी नळी वळणाच्या आतल्या बाजूला चिरलेली होती, तिथून न मोजलेली हवा आत जात होती. हात घालून नळी वाकवल्यावर चीर उघडली. तो सेन्सर मी मालकाच्या बिलातून वजा केला, कारण पैसे माझ्या अंदाजाचे होते.

आता बरोबर पद्धत कशी असते ते एका उदाहरणावर बघू. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन उभ्या जागी थरथरतंय आणि कोड आहे 'पी०३०१', म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट चुकतोय. कोड पुसण्याआधी लिहून घ्या, त्यासोबत साठवलेली माहितीही, म्हणजे तेव्हा इंजिनचं तापमान, वेग, भार किती होता ते. मग पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलची अदलाबदल करा. कोड पुसा, गाडी चालवा. आता 'पी०३०२' आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइलच गेलेली. एक पैसाही न खर्च करता हे कळलं. पहिल्याच सिलिंडरवर राहिला तर स्पार्क प्लगची तशीच अदलाबदल. तरीही तिथेच राहिला तर इंजेक्टर आणि त्याची वायर तपासा, आणि मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते.

कॉम्प्रेशन मोजताना इंधन आणि इग्निशन बंद, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चांगली. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तीन सिलिंडर १२ बार आणि एक ७ असेल तर त्या एकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगांतून गळतंय, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे वळा. इथपर्यंत येऊन इंजिन खोलायचं ठरलं, तर ते का खोलायचं आणि आत काय सापडणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदलायची. एकदम तीन बदललीत तर गाडी बरी होईलही, पण कशाने बरी झाली हे कळणार नाही, आणि पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा तिथेच असाल.

हे सगळं एका वहीत लिहा: गाडी, किलोमीटर, तक्रार, मोजलेले आकडे, शेवटी काय निघालं. वर्षभरात ती वही कुठल्याही छापील पुस्तकापेक्षा जास्त कामाची होते, कारण त्यातल्या चुका तुमच्या स्वतःच्या असतात.

पायरी ७ : गाडी परत देताना

काय केलं, का केलं आणि काय अजून बाकी आहे हे साध्या शब्दांत सांगा. बदललेला भाग दाखवा. आज परवडत नसेल तर काय थांबू शकतं आणि काय अजिबात थांबू शकत नाही हे वेगवेगळं सांगा: दरवाजाची खडखड थांबेल, घासून लोखंडाला लागलेलं ब्रेक पॅड थांबणार नाही. घाबरवून काम काढू नका.

देण्याआधी बॉनेटखाली राहिलेले पाने आणि फडकी मोजून घ्या. पाच-सात किलोमीटरची फेरी मारा, परत आल्यावर बॉनेट उघडून टॉर्चने गळती बघा, चाकांच्या नटांवर टॉर्क रेंच पुन्हा एकदा लावा, स्टिअरिंगवरचे तेलकट बोटांचे ठसे पुसा, सीट मालकाच्या मापाला मागे-पुढे करून ठेवा. साधारण ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा तपासायला या, असं सांगून किल्ली त्यांच्या हातात द्या.